नाताळात दहा माणसं समुद्रावर: आधी भरतीची वेळ, मग बाकीचं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कोल्हापूरच्या, वय ६८. यजमान ७४, त्यांचा डावा गुडघा बदललेला. मुलगा, सून आणि त्यांची दोन मुलं, ९ आणि ५ वर्षांची. मुलगी-जावई नाताळच्या सुट्टीत इंग्लंडहून येणार, त्यांची मोठी ६ वर्षांची आणि धाकटा १४ महिन्यांचा. एकूण दहा माणसं, मालवणच्या बाजूला, २४ ते ३० डिसेंबर. राहावं कुठे, बघावं काय, आणि मोठ्या नातीचा प्रश्न असा की समुद्रावर सांता कसा येणार.

मी मालवण तालुक्यात राहते. न्याहारी-निवास योजनेत दोन खोल्यांपासून सुरुवात केली, आता चार आहेत. त्याला बावीस वर्षं झाली आणि त्यातला एकही नाताळ मी रिकामा पाहिलेला नाही. माझं घर मी सुचवणार नाही. नाताळाच्या खोल्या जून-जुलैतच जातात आणि स्वतःची जाहिरात करायला मी इथे बसलेले नाही.

बघायचं काय, हे आधी सांगून टाकते: फार काही नाही. तुमच्या यादीत सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली, देवबागचा संगम, डॉल्फिन, निवती, कुणकेश्वर, विजयदुर्ग आणि एक दिवस गोवा, एवढं आहे. ही यादी कॉलेजातल्या चार पोरांची झाली. दहा माणसांचं कुटुंब घराबाहेर पडायला दीड तास लागतो, हे मी ओट्यावर बसून दरवर्षी बघते. कुणाची आंघोळ राहिलेली असते, बाळाने निघता निघता लंगोट भरवलेला असतो, टोपी सापडत नाही, आणि आजोबा मात्र अर्धा तास आधीपासून पुढच्या सीटवर पट्टा लावून बसलेले असतात. मग गाडीत भांडण, उन्हात किल्ला, उशिरा जेवण आणि परतताना उलटी. सहा रात्रींत दोन फेरफटके पुरे. बाकी दिवस एक घर आणि एक किनारा, तोही चालत जाण्याच्या अंतरावरचा. ही एक गोष्ट जमली तर निम्मी सहल जमली.

उरलेली निम्मी तुमच्यावर आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सांगलीकडचं एक कुटुंब आलं होतं, तुमच्यासारखंच, तीन पिढ्यांचं. त्या घरच्या आजी पहिल्या सकाळी माझ्या स्वयंपाकघरात आल्या, "जरा दूध गरम करते हो बाळासाठी." दुसऱ्या दिवशी धाकट्याला मऊ भात, तिसऱ्या दिवशी जावयांना तिखट चालत नाही म्हणून वेगळी आमटी. माझ्याशी गप्पा छान झाल्या, पण चौथ्या दिवशी निघताना सामान गाडीत चढत होतं तेव्हा त्या मला म्हणाल्या, "अगं, समुद्र राहिलाच की." पाचशे पावलांवर होता. तेव्हापासून माझा नियम आहे की पाहुण्यांतल्या आजीने स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडायचा नाही. बाळासाठी काय हवं ते मला रात्री सांगायचं. तुम्ही जिथे राहाल तिथेही हे पहिल्याच फोनवर ठरवून घ्या: बाळाचं दूध, पेज, मऊ भात कोण करणार आणि किती वाजता. घरगुती ठिकाणी याला कुणी नाही म्हणत नाही. हॉटेलात म्हणतात, म्हणून मी अशा कुटुंबांना घरगुती निवासच सांगते.

आता समुद्र. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण घाटावरची माणसं समुद्रावर येताना हवामान बघून येतात आणि भरती बघायची विसरतात.

दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. पूर्ण भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि रोज ही वेळ पाऊण तासाच्या थोडी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. आमच्याकडची जुनी माणसं कोष्टक बघत नाहीत, तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा. हा हिशेब मुंबईच्या बाजूला जास्त जुळतो. मालवणकडे पाणी तिथल्यापेक्षा आधी भरतं, म्हणून पाऊण-एक तास वजा करायचा. तुमच्या यजमानांना पाऊणकी पाठ असेल. नऊ वर्षांच्या नातवाला शेजारी बसवून रोज सकाळी त्यांनी हा हिशेब पाटीवर मांडायचा आणि पाटी दाराला टांगायची. गंमत म्हणून सांगत नाही. गुडघा दुखणाऱ्या माणसाला वाळूत काही काम उरत नाही आणि ते दोन दिवसांत कंटाळतात. पण किनाऱ्यावर कधी जायचं हे ज्यांच्या पाटीवर ठरतं, त्यांना विचारल्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही. दिनदर्शिकेतल्या किंवा मोबाइलवरच्या वेळेशी ताळा करून बघायचा, चूक निघाली तर नातू खूश.

यंदा, म्हणजे २०२६ ला, पौर्णिमा २४ डिसेंबरच्या सकाळी संपते. म्हणजे तुम्ही उधाणात येताय आणि भांगाला परत जाताय. २५ तारखेला वद्य द्वितीया धरा: दोन पाऊणे दीड, त्यातून तास वजा केला की साडेबाराच्या सुमाराला भरती. म्हणजे पहाटे सहा-सव्वासहाला पाणी पार मागे गेलेलं, सकाळी चढतं, दुपारनंतर उतरतं आणि सूर्य बुडताना पुन्हा तळाला. २८-२९ पर्यंत हे सगळं सरकून सकाळी दहाच्या आसपास ओहोटी आणि दुपारी चारच्या सुमाराला भरती येईल.

याचा उपयोग असा. पाणी चढतं असताना लाटा पोराला किनाऱ्याकडे लोटतात, उतरताना आत ओढतात. चढत्या पाण्यात धोका नसतो असं नाही, समुद्राची ओढ कुठेही लागू शकते. पण पोरांना पाण्यात खेळवायचंच तर ते चढत्या पाण्यात, उतरत्यात नाही. नाताळच्या दिवशी सकाळी आठ ते साडेदहा हा तुमचा पाण्याचा वेळ. संध्याकाळी चार ते सहा, जेव्हा सगळं गाव आणि सगळे पर्यटक किनाऱ्यावर असतात, तेव्हा पाणी उतरत असतं. तेव्हा वाळूत किल्ले करा, पाय भिजवा, बस. शेवटच्या दोन दिवसांत उलट: सकाळी साडेदहा-अकराला थोडा वेळ किंवा दुपारी तीन ते चार. आमच्याकडचे रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, तिथे जाळं विणत बसलेले असतात. त्यांच्यातला कुणी "पोरांका वर घेवा" असं ओरडला तर का म्हणून विचारत थांबू नका, आधी पोरांना बाहेर काढा.

पोराला पाणी पोराच्याच गुडघ्यापर्यंत, मोठ्याच्या नव्हे. मोठ्या माणसाने पोराच्या आणि समुद्राच्या मध्ये उभं राहायचं, तोंड समुद्राकडे. बहुतेक आईबाप वाळूकडे उभे राहून फोटो काढतात, म्हणजे लाट त्यांच्याआधी पोरापर्यंत पोचते. हवेच्या ट्यूब, फुगवलेले हंस वगैरे घरीच ठेवा. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तो असली हलकी वस्तू पोरासकट आत नेतो.

एकदा माझ्या पाहुण्यांची चार वर्षांची मुलगी कमरेएवढ्या पाण्यातून एका रापणकराने उचलून आणली. किनाऱ्यावर घरची सात मोठी माणसं होती, आणि प्रत्येकाला वाटलं होतं की दुसऱ्याचं लक्ष आहे. त्या रात्री मी मालवणच्या बाजारातली एक शिटी दोरीत ओवली. आता ती प्रत्येक कुटुंबाला देते. ज्याच्या गळ्यात शिटी त्याचा पहारा. वीस मिनिटं, हातात मोबाइल नाही, गप्पा नाहीत, नजर पोरांवर. मग शिटी दुसऱ्याच्या गळ्यात. चार तरुण माणसं आहेत तुमच्याकडे, पुरतात. तुम्हा दोघांना या पाळीत धरू नका आणि मुलांनी धरलं तर नाही म्हणा. प्रेम कमी म्हणून नव्हे. वाळूत धावता येत नाही एवढ्यासाठी.

किनारा कोणता? देवबागच्या संगमावर, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे पोरांना पाण्यात अजिबात उतरवू नका. नदीचा आणि समुद्राचा प्रवाह तिथे एकमेकांत घुसतो. बघायला सुंदर आहे, वरून बघा. तारकर्लीला सोयी भरपूर, पण यंदा २५ तारीख शुक्रवारी आल्यामुळे लागून तीन दिवसांची सुट्टी आहे. पॅराशूट, स्कूटर, बोटी यांच्या आवाजात चौदा महिन्यांचं पोर झोपायचं नाही. मी तोंडवळी-तळाशील किंवा आचऱ्याकडे बघायला सांगेन. अगदी निर्जन किनारा मात्र नको. माणसं शांतता म्हणून शोधतात, पण हाक मारली तर ऐकायला कुणी हवं. मच्छीमारांची वाडी लागून असलेला किनारा सगळ्यांत चांगला.

आचऱ्याचं नाव निघालं म्हणून सांगते. तिथे दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. रामेश्वराचा कौल घेऊन अख्खं गाव, गुरंढोरं, कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर जातं आणि तीन दिवस तीन रात्री राहुट्यांत राहतं. पणजीपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळे एका छपराखाली. मोठी माणसं तिथे म्हणतात की एवढी सुट्टी वर्षात दुसरी नाही. बघायचं काहीच नसतं, तरी कुणाला कंटाळा येत नाही.

घर निवडताना फोनवर विचारायच्या गोष्टी. आजोबांची खोली तळमजल्यावर, कमोडचं संडास खोलीला लागून, आणि आंघोळीच्या जागेत धरायला दांडा आहे का. जांभ्याच्या चिऱ्याच्या पायऱ्या दिसायला छान, पण दवाने भिजल्या की निसरड्या होतात. किती पायऱ्या आहेत ते मोजून सांगायला सांगा. एकदा मी स्वतःच चूक केली होती. समुद्र दिसतो म्हणून ऐंशीच्या घरातल्या पाहुण्यांना वरची खोली दिली. दोन दिवस ते खाली उतरले नाहीत आणि मला वाटलं, त्यांना तिथेच आवडतंय.

दुसरं, विहीर. कोकणातल्या प्रत्येक वाडीत विहीर असते आणि सगळ्यांच्या डोक्यात समुद्राची भीती असल्यामुळे विहिरीकडे कुणाचं लक्ष नसतं. कठडा किती उंच आहे, वर जाळी आहे का, कुंपणाला फाटक आहे का, हे विचारा. पाच वर्षांचं पोर कठड्यावरून वाकून आत हाक मारून बघतंच. प्रतिध्वनी येतो ना. पोहण्याचा तलाव असेल तर फाटकाला कुलूप हवं. तिसरं, माड. बाळाची झोळी किंवा आजोबांची खुर्ची माडाखाली मांडू नका. नारळ तर पडतोच, पण वाळलेली झावळही कमी जड नसते. आमच्याकडच्या पोराला हे शिकवावं लागत नाही, पण तुमच्या इंग्लंडच्या नातीला पहिल्या दिवशी सांगा.

खळ्यात, म्हणजे अंगणात, रात्री फिरताना बॅटरी आणि पायात चप्पल. आमच्या भागात फुरसं असतं, छोटा पण विषारी साप. दिसतं क्वचित, पण चिऱ्यांच्या आणि पाचोळ्याच्या आडोशाला राहतं. मालवणला ग्रामीण रुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालय ओरोसला, आणि १०८ चा रुग्णवाहिकेचा फोन इथेही लागतो. आजोबांची आणि तुमची औषधं दोन वेगळ्या पिशव्यांत, आठ दिवसांची. एक पिशवी हरवली तर तुमच्या नेमक्या कंपनीची गोळी वाडीतल्या दुकानात मिळेलच असं नाही.

दिवसा ऊन बऱ्यापैकी लागतं, डिसेंबर असला तरी. पहाटे मात्र शाल लागते, हे पाहुण्यांना खरं वाटत नाही आणि मग माझ्या गोधड्या बाहेर निघतात. दुपारी बारा ते तीन सगळ्यांनी छपराखाली. बाळ झोपेल, आजोबा झोपतील, आणि तरुण मंडळींना हवं तर तेव्हा स्कूबा करायला जाऊ द्या. त्यांनाही सुट्टीच आहे. सूर्य सहाच्या थोडा नंतर बुडतो. ओहोटीला ओली वाळू घट्ट असते, तिच्यावर बदललेल्या गुडघ्यानेही चालता येतं. वरची कोरडी भुसभुशीत वाळू ओलांडताना मात्र हात धरा. माझ्याकडे एक लाकडी खुर्ची कायम किनाऱ्यावर जाते. प्लास्टिकची वाळूत रुतते आणि माणूस मागे कलंडतो.

किनाऱ्यावर जेलीफिश दिसले तर मेलेल्यालाही हात नको. लागलाच तर समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही. मग सोसवेल इतक्या गरम पाण्याचा शेक. धाप लागली किंवा सूज वाढली तर सरळ डॉक्टर.

इंग्लंडहून येणाऱ्यांचा एक वेगळाच प्रश्न आहे. तिकडचं घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे. म्हणजे आपले रात्रीचे बारा वाजतात तेव्हा पोरांच्या पोटात अजून संध्याकाळचे साडेसहा. पहिले तीन दिवस ती मध्यरात्री टक्क जागी असतील आणि सकाळी दहाला गाढ झोपलेली. म्हणून त्यांना निदान तीन दिवस आधी कोल्हापूरला आणा. नाहीतर सकाळचा चढत्या पाण्याचा वेळ झोपेत जाईल. थोडी जाग उरली तर बिघडत नाही, तिचा उपयोग पुढे सांगते.

जेवणाबद्दल कोल्हापूरकरांना काय सांगणार. तांबडा-पांढरा पचवणारी माणसं तुम्ही, मालवणी तिखट तुम्हाला गोडच वाटेल. पोरांसाठी मात्र: सकाळी घावणे आणि नारळाच्या दुधातला गूळ घातलेला रस, हे नाही म्हणणारं पोर मी पाहिलेलं नाही. बाळाला उकड्या तांदळाची पेज. मासा द्यायचा तर मुडदुसे. आमच्याकडे लहानांना आणि आजारातून उठलेल्यांना हाच देतात, मऊ आणि पचायला हलका. तरी काटा आपल्या बोटांनी तपासून. कर्ली चवीला राणी, पण काट्यांचं जंगल, ती तुम्ही मोठ्यांनी खा. कोलंबी, कुर्ल्या (खेकडे), तिसऱ्या (शिंपल्या) पोरांनी आधी कधी खाल्ल्या नसतील तर पहिल्यांदा दुपारी द्या आणि थोड्याच. अंगावर काही उठलं तर दिवसाउजेडी कळलेलं बरं. सोलकढी तुम्हाला, मधुमेहाचं लिहिलं नाहीत, पण असेल तर रसावर आडवा हात मारू नका.

आता सांता. नातीला सांगा की नाताळ हा शब्दच मुळी समुद्रावरून आलाय, पोर्तुगीजांकडून. त्यांच्या भाषेतही या सणाला नाताल म्हणतात, मूळ अर्थ जन्माचा. मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्यांची ख्रिस्ती घरं आहेत, आमच्यासारखीच मालवणी बोलणारी, आमच्यासारखीच माशांवर जगणारी. डिसेंबर लागला की त्यांच्या अंगणात कागदी चांदण्या लागतात आणि पोरं गवत, माती, चिऱ्याचे तुकडे जमवून येशूजन्माचा गोठा करतात. शिवाजी महाराजांचा किल्ला करणाऱ्या आपल्या पोरांना हे लगेच कळतं: दिवाळीतला किल्ला, तसा नाताळातला गोठा. माझ्या शेजारणीकडून २५ तारखेला ताट येतं; नेवऱ्या, दोदोल, कुलकुल. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच, आणि गणपतीत माझ्याकडच्या करंज्या तिच्याकडे जातात. तुम्ही जिथे राहाल तिथल्या यजमानीणबाईला सांगून ठेवा. शेजारी असं घर असेल तर पोरांना घेऊन पाच मिनिटं जाऊन या. रिकाम्या हाताने जाऊ नका, कोल्हापूरहून गुळाची एक ढेप आणा.

चोवीसच्या रात्री चर्चमध्ये मिस्सा असते, आणि इथे पोरांची ती तिकडची जाग कामाला येते. वेळ आधी विचारून घ्या, सगळीकडे बरोबर बारालाच नसते. मागच्या बाकावर बसा, कुणी हटकत नाही. फक्त शेवटी लोक रांगेने पुढे जाऊन जो प्रसाद घेतात तो त्यांच्या दीक्षितांसाठी असतो. देवळातल्या सवयीने आपण रांगेत उभं राहायचं नाही. दरवर्षी कुणीतरी राहतं.

झाड हवं म्हणून सुरूची फांदी तोडू नका. वाऱ्याने पडलेली असते, ती बादलीत वाळू घालून रोवा. सुरू दिसतोही थोडा त्या परदेशी झाडासारखा. शिंपले ओवून पोरांनी सजवू द्या, पण शंख उचलताना आत खेकडा नाही ना, हे बघून. माझ्या ओट्यावर एकदा सजवलेलं झाड सकाळपर्यंत अर्धं चालत गेलं होतं.

फेरफटके दोन म्हणाले होते. एक सिंधुदुर्ग किल्ला. १६६४ ला पायाभरणी झाली, आणि २०२५ ला युनेस्कोच्या जागतिक वारशात मराठ्यांचे जे किल्ले गेले त्यांत हाही आहे. मालवणच्या धक्क्यावरून होडीने दहा-पंधरा मिनिटं. नऊ आणि सहा वर्षांच्या पोरांना न्या, शिवराजेश्वराचं मंदिर आणि चुन्यातला महाराजांच्या हाताचा ठसा दाखवा. बाळाला नेऊ नका. हलत्या होडीत पाय टाकणं आणि काढणं आजोबांच्या गुडघ्याला झेपणार नाही. त्यांनी आणि तुम्ही धक्क्यावर बसून शहाळं प्यावं. लहान मापाचं लाइफ जॅकेट आहे का, ते होडीत चढायच्या आधी विचारा. नसेल तर पुढची होडी. २५ ते २७ टाळा, सोमवारी २८ ला सकाळी लवकर जा.

दुसरा फेरफटका रात्रीचा, दशावतार. त्रिपुरी पौर्णिमेनंतर आमच्या गावोगाव जत्रा सुरू होतात आणि हिवाळाभर चालतात. त्या आठवड्यात जवळपास कुठे आहे ते पानाच्या गादीवर विचारलं तरी कळतं. पालखी झाली की मग देवळासमोर नाटक, पेटी-पखवाज-झांज, आणि काळ्या तोंडाचा संकासुर येतो तेव्हा पुढे बसलेली पोरं किंचाळत आईच्या मागे पळतात. पहाटेपर्यंत चालतं, तुम्ही तासभर बसा. मालवणी खाजा घेऊन परत या. इंग्लंडची दोघं तेव्हा जागीच असणार.

रस्त्याचं फार लिहीत नाही. कोल्हापूरहून राधानगरी-दाजीपूर-फोंडा घाट-कणकवली, किंवा गगनबावडा-करूळ घाट. कुठला घाट सुरळीत आहे ते निघायच्या आदल्या दिवशी विचारा. घाट लागायच्या आधी पोरांना दूध पाजू नका. डॉल्फिन, गोवा, विजयदुर्ग काढून टाका. आणि कासवांची पिल्लं बघायची म्हणून कुणी वेळासचं सुचवलं तर ते उत्तरेला खूप लांब आहे, शिवाय पिल्लं साधारण फेब्रुवारीपासून निघतात.

फेरफटक्यांत न बसणारी एक गोष्ट मात्र चुकवू नका, ती रापण. त्यासाठी कुठे जायचं नाही, फक्त सकाळी किनाऱ्यावर असायचं. होडी अर्धवर्तुळात जाळं सोडत जाते आणि मग दोन्ही टोकांचे दोर धरून माणसं किनाऱ्यावरून ते ओढतात, तास-दोन तास. पूर्वी अख्खी वाडी असायची. आता मोठ्या पर्ससीन बोटींनी मासळी किनाऱ्याला येण्याआधीच उचलल्यामुळे रापणी कमी झाल्या, माणसंही कमी. म्हणून दोराला हात लावायला कुणी आलं तर त्यांना आनंदच होतो. सहा वर्षांची नात आणि ७४ वर्षांचे आजोबा एकाच दोराला लागलेले मी पाहिलेत. आजोबा खुर्चीत बसून ओढत होते. जाळं जवळ आलं की पाणी चांदीसारखं उसळायला लागतं, तारल्या, बांगडे, कधी एखादी पाकट. पाकटीच्या शेपटीला काटा असतो, पोरांना तिच्यापासून लांब ठेवा.

ओढणाऱ्याला वाटा द्यायची रीत अजून आहे, पोरगं असलं तरी. पैसे पुढे करू नका, वाटा घ्या. आणि सकाळी निघताना एक रिकामी पिशवी बरोबर ठेवा. गेल्या वर्षी माझ्या एका छोट्या पाहुण्याने त्याचा वाटा टोपीत भरून आणला आणि ती टोपी मी तीनदा धुतली तरी तिचा वास गेला नाही.